दुखणे एकटे येत नाही

आजाऱ्याला भेटायला जाणे म्हणजे इयादत. ती सुन्नत आहे, तिचा सवाब मोठा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खरे सांगायचे तर या बाबतीत आपला समाज कसूर करत नाही. मोहल्ल्यात कोणी अंथरूण धरले की असरनंतर त्या घराच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो. मोसंबी येतात, शहाळी येतात, कोणी हजहून आणलेले ज़मज़मचे पाणी घेऊन येतो. पाहुणा पलंगाजवळच्या खुर्चीवर बसतो आणि विचारतो, "कैसी तबीयत है?" आजारी माणूस म्हणतो, "अल्लाह का शुक्र है." विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याची अब्रू राहते. चहा होतो आणि पाहुणा उठतो.

या एका प्रश्नात आणि एका उत्तरात किती गोष्टी सांगायच्या राहून जातात, त्याविषयी मला लिहायचे आहे.

मी पारनेर तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध विज्ञानाच्या पुस्तकातल्या श्वसनसंस्थेच्या धड्यापुरता. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मामूंना फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचे निदान झाले आणि पुढचे अकरा महिने मी तो धडा पुस्तकाबाहेर शिकले.

आमचा तालुका दुष्काळी. इथली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. मामूही ऐन विशीत गेले आणि एका कापड गिरणीत साच्यावर लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. मामू गावी परतले, सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले आणि त्यावर चार मुले वाढवली. मुंबईहून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या असे मुमानी म्हणत, एक पत्र्याची पेटी आणि दुसरी बिडी.

खोकला सुरू झाला तेव्हा एका खासगी दवाखान्यात त्यांना क्षयाची औषधे सुरू केली. ती चार महिने चालली. आपल्या देशात हे पुष्कळदा घडते. दोन्ही रोगांत खोकला असतो, वजन उतरते, थुंकीत रक्त येऊ शकते आणि एक्स-रेवरची सावलीही सारखी दिसू शकते. क्षय आपल्याकडे इतका आहे की मनात आधी तोच येतो. पुण्याला तपासणी झाली तोवर रोग बरगडीच्या हाडापर्यंत पोहोचला होता आणि फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठले होते. डॉक्टरांनी मामूंच्या मुलाला बाहेर बोलावून सांगितले की रोग बरा होण्यातला नाही, पण त्रास कमी करता येईल. पाणी काढू, हाडाच्या दुखण्यासाठी थोडे रेडिएशन देऊ आणि पॅलिएटिव्ह विभागात नाव घालू.

पॅलिएटिव्ह हा शब्द घरात कोणी ऐकला नव्हता. मराठीत त्याला उपशामक उपचार म्हणतात. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र, झूल. त्यावरून हा शब्द आला. मला तेव्हा हिराच्या गुहेतून थरथरत घरी आलेल्या आपल्या पैगंबरांची आणि त्यांच्या अंगावर चादर घालणाऱ्या हजरत खदीजांची आठवण झाली. त्यांनी खुलासे नंतर ऐकले, आधी पांघरूण घातले.

पण 'आता त्रास कमी करू' याचा अर्थ आपल्याकडे 'आता काही उरले नाही' असा घेतला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर अगदी सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांचे दिवस बरे गेले, उदासी कमी राहिली. शेवटच्या काळात तीव्र औषधांचा मारा कमी झाला, तरी ते इतरांपेक्षा अधिक जगले. मधला आकडा ११.६ महिने, इतरांचा ८.९ महिने. हा फरक मोठा नसेल. पण त्रासाकडे लक्ष देणे म्हणजे हार मानणे नव्हे, एवढे त्यातून कळते.

आता मामूंच्या त्रासाविषयी. मुमानींना विचारले तर त्या म्हणत, "एक हो तो बोलूँ ना बेटा!" उजव्या बरगडीत दुखे. चार पावले चालले की धाप लागे. खोकल्याची उबळ आली की थांबत नसे. तोंडाला चव नव्हती, मटणाचा वास आला तरी मळमळे. रात्री झोप नाही, दिवसा पायांत त्राण नाही. पोट साफ होत नसे. आणि ज्यांनी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नाही ते मामू पाण्याचा पेला उशिरा आला तरी चिडत.

अशा वेळी घरोघर जे चालते ते आपल्याला ठाऊक आहे. खोकल्याला सिरप, भुकेला टॉनिक, झोपेला गोळी, अशक्तपणाला सलाईन. आठ तक्रारींना आठ बाटल्या. ज्याला जी तक्रार दिसली त्याने तिचे औषध आणले. पण या आठ तक्रारी आठ नसतात.

पॅलिएटिव्ह विभागातल्या सिस्टरांनी ही गोष्ट मला फोनवर समजावली, आणि माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या बाईला ती पटायला वेळ लागला नाही. बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवतात. मुलाचा भागाकार चुकतो, अपूर्णांक चुकतात, शाब्दिक उदाहरणे चुकतात. तीन विषयांत तीन वेळा त्याला रागावून उपयोग नसतो. तपासले तर पाढे कच्चे निघतात. शरीरातही तसेच होते. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक मेरिलिन डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा एकत्र येणाऱ्या, एकमेकांशी नाते असलेल्या तीन किंवा अधिक लक्षणांना लक्षणसमूह म्हटले. त्यांच्यापुढे मुख्यतः दुखणे, थकवा आणि निद्रानाश हे त्रिकूट होते. २००४ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २२० वयस्क रुग्णांच्या अभ्यासात सात लक्षणे एका घोळक्यात सापडली. थकवा, अशक्तपणा, भूक मरणे, वजन घटणे, मळमळ, उलटी आणि तोंडाची बदललेली चव. माझ्या मुमानींनी यातले एकही पान वाचले नव्हते, पण "एक हो तो बोलूँ" हे त्यांचे म्हणणे त्याच जातीचे होते.

हा घोळका का जमतो, याची कारणे दोन तऱ्हेची आहेत. पहिले असे की मुळाशी एकच गोष्ट असते. गाठीशी झुंजताना शरीर दाह निर्माण करणारी रसायने रक्तात सोडते. ती मेंदूपर्यंत पोहोचतात आणि भूक मारतात, झोप बिघडवतात, अंगातले बळ आणि मनातला उत्साह एकाच वेळी काढून घेतात. म्हणूनच अशा रुग्णाला "खात नाहीस म्हणून अशक्तपणा आला" असे म्हणणे बरोबर नाही. त्याचे न खाणे आणि त्याचा अशक्तपणा ही एकाच आईची लेकरे असतात. घास भरवण्यावरून घरात होणारी रडारड आणि भांडणे एवढे कळले तरी निम्मी कमी होतील.

दुसरे कारण असे की एक लक्षण दुसऱ्याला खेचून आणते. दुखते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून थकवा, थकल्या अंगाला तेच दुखणे अधिक दुखते. खोकल्याने बरगडी हलते, बरगडीच्या भीतीने माणूस पुरा श्वास घेत नाही. दुखण्याच्या औषधाने पोट धरते, पोट धरले की भूक जाते. आमच्या तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लवकर समजेल. काळ्या कातळाला एवढाले रांजण एकट्या पाण्याने पडले नाहीत आणि एकट्या गोट्यांनीही पडले नाहीत. भोवऱ्यात सापडलेले गोटे पाण्याबरोबर त्याच जागी फिरत राहिले म्हणून खडक कोरला गेला. माणसाला कोरणारा भोवराही असाच असतो.

सगळ्यांत वाईट भोवरा श्वासाचा. धाप लागली की माणूस घाबरतो. घाबरला की श्वास उथळ आणि जलद होतो, मानेचे आणि छातीचे स्नायू ताठ होतात, आणि धाप आणखी वाढते. मग तो हालचालच बंद करतो. बसून बसून पाय बारीक होतात आणि पुढच्या वेळी संडासपर्यंत जाण्यातच दम संपतो.

आमच्या भागात यात आणखी एक घोटाळा होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पारनेरजवळच्या भाळवणीच्या कोविड केंद्राचे नाव राज्यभर झाले, आणि त्या काळात घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. मामूंना धाप लागली की आलेल्यांपैकी कोणीतरी ते बोटाला लावी. आकडा येई ९५. "पंचानवे है मामू, एकदम बढ़िया! वहम है." मामू डोळे मिटून घेत. खरे तर रक्तातला ऑक्सिजन आणि धाप लागण्याची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा चांगला असताना माणसाचा जीव गुदमरू शकतो, आणि तो वहम नसतो. २०१० मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासात अशा २३९ रुग्णांपैकी काहींना नळीतून ऑक्सिजन दिला, काहींना नळीतून साधी हवा. दोघांना आराम जवळजवळ सारखाच पडला. म्हणजे ज्याचा ऑक्सिजन उतरलेला नाही त्याच्यासाठी कर्ज काढून सिलिंडर आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चेहऱ्यावर, नाकाच्या आणि गालाच्या बाजूला, हातात धरायच्या छोट्या पंख्याची गार झुळूक घेतली तर मेंदूला धाप कमी जाणवते. हेही अभ्यासांतून दिसले आहे. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही म्हणून बॅटरीवरचा एक पंखा आणला, आणि वेताचा जुना विंझणा मुमानींनी माळ्यावरून काढला.

सिस्टरांनी मला एक काम दिले. कॅनडातील एडमंटन येथे १९९१ मध्ये तयार झालेली एक पद्धत आहे. तीत रुग्णाने आपल्या प्रत्येक त्रासाला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे याहून वाईट असू शकत नाही. मी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली. दुखणे, दम, खोकला, थकवा, भूक, झोप, पोट, घबराट असे आठ खाने. मामूंना उर्दू वाचता येई म्हणून रकाने उजवीकडून डावीकडे. सिस्टरांना फोनवर सांगताना मला ते उलटे वाचावे लागत.

पहिले तीन दिवस मामूंनी सांगितले, "सब में दो लिख." दम दोन, दुखणे दोन, झोप दोन. चौथ्या दिवशी मी म्हटले, "मामू, सगळ्या विषयांत सारखे मार्क पडले तर आम्ही मास्तर लोक कॉपीचा संशय घेतो." ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "दम में सात लिख. मगर तेरी मुमानी को मत बोल."

इथे मला आपल्या समाजाशी थोडे बोलायचे आहे. आपण आजाऱ्याला सबरची नसीहत करतो. ती चुकीची नाही. पण सबर म्हणजे न सांगणे, असा अर्थ आपण कुठून काढला? हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांच्या आजाराची आणि सबरची मिसाल आपण देतो. त्यांनी स्वतः आपल्या रबला हाक मारून आपल्याला त्रास झाल्याचे सांगितले, हे कुरआनातच आले आहे, आणि त्यांना साबिर म्हटलेलेही कुरआनातच आहे. दुखते म्हणणे ही नाशुक्री नाही. मामूंच्या बाबतीत त्यात आणखी एक लाज मिसळली होती. येणारा प्रत्येक जण निदान एकदा तरी बिडीचा विषय काढी. बिडीने कॅन्सर होतो यात शंका नाही. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील ४८९ रुग्णांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते. तेव्हा पलंगावरच्या माणसाला त्याचा गुन्हा ऐकवण्यात ना इलाज आहे ना सवाब. उलट ज्याला वाटते की हे मी ओढवून घेतले, तो तक्रार करण्याचा हक्कही सोडून देतो.

आकडे खरे येऊ लागल्यावर वही बोलू लागली. दम सकाळी तीन-चार असे. इशाची नमाज झाली, मोहल्ला शांत झाला की सात-आठ. त्याच ओळीत घबराट आठ, झोप नऊ, आणि दुसऱ्या दिवशी थकवा नऊ, भूक नऊ. ऑक्सिमीटर मात्र दोन्ही वेळा तेच सांगे. सिस्टर म्हणाल्या, "ताई, यांची रात्र सुधारली तर दिवस आपोआप सुधारेल. एकेका खान्याच्या मागे लागू नका."

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या अगदी कमी ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या दुखण्यावरही चालतात आणि धापेवरही. एक गोळी झोपण्याच्या वेळेला बांधली, आणि तिच्याबरोबर पोट साफ राहण्याचे औषध न चुकता. मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ हमखास होतो, म्हणून दोन्ही जोडीनेच द्यायची असतात. अफूचे औषध म्हटल्यावर घरात कुजबुज झाली. नशा चढेल, सवय लागेल, इमानाचे काय होईल? आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी शांतपणे सांगितले की नशेसाठी घेणे आणि जाणकार डॉक्टरच्या सल्ल्याने इलाजासाठी घेणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टरांचेही म्हणणे असे की योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही, आणि अशा रुग्णाला व्यसन लागणे क्वचित घडते. पहिले काही दिवस गुंगी राहते, मग ती उतरते.

रात्रीचे आकडे थोडे उतरले. मग २०२४ च्या मार्चमध्ये रमजान आला. मामूंना रोजे ठेवायचे होते. आजाऱ्याला सूट आहे, फिद्या देता येतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, तरी सत्तर वर्षांच्या सवयीला समजावणे सोपे नव्हते. मला वाटले, या महिन्यात उदासी वाढेल आणि सगळेच आकडे चढतील. दिवसा तसे झालेही. पण रात्रीचा दम सातवरून चारवर आला. गोळी तीच, मात्रा तीच. असे का, हे मला चार-पाच दिवसांनी उमगले. रमजानमध्ये मोहल्ला झोपतच नाही. तरावीहहून परतणाऱ्यांची बोलणी, पोरांचे खेळ, मग सेहरीची भांडी. मामूंच्या खिडकीबाहेर रात्रभर कोणीतरी जागे होते. त्यांना भीती होती ती एकट्याने गुदमरण्याची. ती भीती त्या महिन्यात उरली नाही.

ईदनंतर आम्ही पाळ्या लावल्या. मामूंचा मुलगा सुप्याच्या एमआयडीसीतून दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा येई, तो आल्यावर मुमानी झोपत. त्याआधी मी किंवा अम्मी बसत असू. बोलायचे असेच काही नाही, मी पेपर तपासत बसे. उशीला टेकून पुढे झुकून कसे बसायचे, ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू कसा सोडायचा, हे सिस्टरांनी शिकवले होते. ते मामू आता मला शिकवत. या सगळ्याने रोग एका तिळाने कमी झाला नाही. पण झोप सुधारली तशी सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून जाऊ लागली. मुमानींनाही झोप मिळाली, आणि सेवा करणाऱ्याची झोप हाही आजाऱ्याच्या औषधाचाच भाग असतो.

एके रात्री मामू वही चाळत म्हणाले, "एक खाना कम है." मी विचारले, "कौनसा?" म्हणाले, "फ़िक्र का." मी नववा रकाना आखला आणि आकडा विचारला. ते म्हणाले, "दस."

त्यांना फिकीर होती गिरणी कामगारांच्या घराची. बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधून म्हाडाने २०१२ पासून सोडती काढल्या. अर्ज लाखाहून अधिक आणि घरे थोडी. मामूंचा अर्ज पडून होता, आणि २०२३ मध्ये कागदपत्रे तपासण्याची मोहीम निघाली तेव्हा ते एक्स-रेच्या रांगेत उभे होते. तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, सगळे त्या पत्र्याच्या पेटीत होते, आणि कुठला कागद कशाचा हे फक्त त्यांना ठाऊक होते. ते सांगायचे तर आपण जाणार हे मान्य करावे लागणार, आणि घरात तर त्यांना 'फेफड़े में पानी है' एवढेच सांगितले होते. त्यांना मी विचारले, तेव्हा म्हणाले, "मेरे को सब मालूम है बेटा. तुम लोगां को नै मालूम कि मेरे को मालूम है."

इंग्लंडच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. मरणाऱ्या माणसाचे दुखणे शरीराचे, मनाचे, घरादाराचे आणि आत्म्याचे असे सगळे मिळून एकच असते, असे त्या सांगत. त्याला त्या संपूर्ण वेदना म्हणत. पुस्तकात हे वाचायला सोपे वाटते. आमच्या घरी ते पत्र्याच्या पेटीत होते. दुसऱ्या दिवशी मामूंच्या मुलाने पेटी उघडली. दोन संध्याकाळी बसून एकेका कागदावर मामूंनी सांगितले तसे त्याने लिहून घेतले, झेरॉक्स काढल्या, मुमानींच्या सह्या कुठे लागतील ते विचारले. घर मिळाले नाही. मिळेल की नाही तेही सांगता येत नाही. पण फिकिरीचा आकडा दहावरून सहावर आला, आणि त्या आठवड्यात दमाच्या खान्यात मी पहिल्यांदा दोन लिहिले. या वेळचे दोन खरे होते.

बकरी ईदनंतर दोन आठवड्यांनी, पहाटे, मामूंचे निधन झाले. शेवटचे दोन दिवस ते बहुतेक झोपून होते. त्यांचा श्वास संथ होता आणि खोलीत माणसे होती.

हे सगळे आमच्या नशिबाने झाले. रुग्णालय पुण्यात, ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. गोळ्या संपत आल्या की मामूंचा मुलगा एक खाडा करून जाई आणि वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये निम्मा दिवस घालवून येई. ज्याच्या घरात जाणारा नाही, फोन करणारी मास्तरीण नाही, त्याचे काय? मॉर्फिनवर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतकी बंधने आली होती की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता पुष्कळ सुटला. आता मान्यता घेतलेले रुग्णालय ते ठेवू शकते. तरी तालुक्याच्या गावी ते सहज मिळत नाही. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची मोफत सेवा करते, तिथे घरच्या माणसालाही सोबत राहून सेवा शिकता येते. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे सरकारी धोरण ठरवले आणि परिचारिका पंचायतीमार्फत घरोघर जाऊ लागल्या. त्याआधीच तिथल्या मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी प्रशिक्षण घेऊन, लहान लहान वर्गण्या काढून हे काम उभे केले होते. त्यांच्यात दुकानदार होते, शिक्षक होते, विद्यार्थी होते. आपल्याकडे मोहल्ल्यात जमाती आहेत, पतसंस्था आहेत, सदक्याचा पैसा आहे, इयादतीची सवय तर आहेच. तालुक्याला एक प्रशिक्षित परिचारिका आणि तिच्या स्कूटरचे पेट्रोल एवढा खर्च आपल्याला जड आहे काय?

ते होईल तेव्हा होईल. तोवर इयादतीला जाताना आपण एवढे करू शकतो. "कैसी तबीयत है" हे विचारल्यावर तिथेच थांबू नये. रात्री झोप लागली का? श्वास कधी जड होतो? तोंडाला चव आहे का? पोट साफ झाले का? भीती वाटते का? काही सांगायचे, कोणाचे काही द्यायचे राहिले आहे का? एका वेळी एकच विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी. पहिले उत्तर शुक्राचेच येईल. ते ऐकून घ्यावे, आमीन म्हणावे, आणि खुर्ची थोडी जवळ ओढून पुन्हा विचारावे.